बिघाड यंत्रात की परवान्यात?

यंत्र बंद पडले की माणूस पहिला प्रश्न विचारतो तो "काय बिघडले?" हा. गेल्या शंभर वर्षांत हा प्रश्न बदललेला नाही, पण त्याचे उत्तर शोधण्याची साधने मात्र फार बदलली. सुरुवातीला मिस्त्रीचे कान, नाक आणि बोटे हीच साधने होती. पुढे पाने, फीलर गेज, मल्टिमीटर आले. त्यानंतर गाडीतला एक लहानसा दिवाच लुकलुकून बिघाड सांगू लागला. आज हे काम लॅपटॉपवर चालणारे सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकाची आज्ञावली करते.

या शेवटच्या टप्प्यावर एक नवाच प्रकार पाहायला मिळतो. ट्रक गॅरेजात उभा असतो. मिस्त्री त्याला लॅपटॉप जोडतो, आज्ञावली सुरू करतो आणि पडद्यावर अक्षरे उमटतात, "परवाना सक्रिय करता आला नाही." म्हणजे बिघाड शोधणारे साधनच आधी अडून बसलेले! इंजिनाला काय झाले हे कळण्याआधी लॅपटॉपला काय झाले हे शोधावे लागते. हा दुसरा बिघाड समजून घ्यायचा तर थोडा इतिहास पाहावा लागेल. त्यात लोखंडी नांगर आहे, अमेरिकेतील धुरके आहे, १९७७ सालचे एक गणित आहे आणि आपल्याच देशातला एक महत्त्वाचा निवाडाही आहे.

नांगरापासून इंजिनापर्यंत

सातारा जिल्ह्यातील फलटण तालुका तसा अवर्षणप्रवण. पण नीरा उजव्या कालव्याचे पाणी आले आणि त्याच्या आधाराने येथे ऊस उभा राहिला. तालुक्यातील साखरवाडी या गावाच्या नावातच तो इतिहास आहे. उसाचा हंगाम साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतो. तोडलेला ऊस वाळत जातो, त्याचे वजन घटते आणि साखरेचा उताराही उतरतो. त्यामुळे या काळात रस्त्यात बंद पडलेला ट्रॅक्टर किंवा ट्रक ही केवळ त्याच्या मालकाची अडचण राहत नाही. मागे फडात तोडणी कामगार थांबतात, पुढे शेतकऱ्याचे वजन कमी भरते.

याच तालुक्यात सुरवडी-नांदल परिसरात कमिन्स कंपनीचे मोठे औद्योगिक संकुल आहे. टाटा-कमिन्स या संयुक्त कंपनीचा इंजिनांचा कारखानाही फलटणला आहे. म्हणजे आधुनिक डिझेल इंजिन जेथे तयार होते ते ठिकाण आणि तसलीच इंजिने जेथे दुरुस्तीला येतात ती रस्त्याकडेची गॅरेजे, ही दोन्ही टोके एकाच तालुक्यात आहेत. त्यांच्यामधला दुवा कसा बदलत गेला, हाच आपला विषय.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० मध्ये, आजच्या सांगली जिल्ह्यात, औंध संस्थानने दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. तेथे लोखंडी नांगर होऊ लागले. लोखंडाने जमीन नासते अशी तेव्हा अनेक शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे नांगर खपायला वेळ लागला. पण एकदा तो शेतात गेल्यावर त्याच्या दुरुस्तीसाठी कोणाला विचारायला जावे लागत नसे. फाळ झिजलेला डोळ्यांना दिसे. नट ढिला झाला तर हाताला कळे. यंत्राविषयीचे सर्व ज्ञान यंत्राच्या अंगावरच लिहिलेले होते, असे म्हणायला हरकत नाही.

१९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, तर १९६२ मध्ये अमेरिकेतील कमिन्सच्या सहकार्याने किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. हीच पुढे कमिन्स इंडिया झाली. डिझेल इंजिन नांगराइतके उघडेवाघडे नसते. तरीही त्याचा दोष मिस्त्रीला शोधता येई. त्याची एक जुनी रीत विज्ञानाच्या शिक्षकांना नक्की आवडेल. इंजिन एका सिलिंडरने मार खात असेल तर ते चालू ठेवून मिस्त्री एकेका सिलिंडरच्या डिझेल नळीचा नट पान्याने किंचित ढिला करी. नट ढिला केला की त्या सिलिंडरचे डिझेल बंद होते. सिलिंडर चांगला असेल तर इंजिनाचा आवाज लगेच पडतो. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता! एक घटक बदलायचा, बाकीचे कायम ठेवायचे आणि परिणाम पाहायचा, ही प्रयोगशाळेतली पद्धत गॅरेजात अशी रोज वापरली जाई. साधन एकच, हातातला पाना.

दिवा बोलू लागला

हा पाना बाजूला का ठेवावा लागला? त्याचे कारण गॅरेजात नाही, हवेत आहे.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहर विसाव्या शतकाच्या मध्यात मोटारींच्या धुराने आणि त्यातून तयार होणाऱ्या धुरक्याने बेजार झाले होते. कॅलिफोर्निया राज्याने १९६७ मध्ये हवेच्या संरक्षणासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले आणि मोटारींच्या धुरावर वरचेवर कडक बंधने घातली. ती पाळायची तर इंधन आणि हवा यांचे प्रमाण सतत अचूक राखायला हवे. हे काम कार्बोरेटरच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून इंजिनावर संवेदक म्हणजे सेन्सर बसले आणि त्यांचे ऐकून हुकूम देणारा छोटा संगणकही गाडीत आला.

संगणक सतत मोजमापे घेणार असेल तर बिघाडाची नोंदही त्यानेच ठेवावी, ही पुढची स्वाभाविक पायरी होती. जनरल मोटर्सच्या १९८१ सालच्या अमेरिकी मोटारींत एक गमतीची सोय होती. डॅशबोर्डाखालच्या जोडणीतील दोन ठरावीक टोके तारेच्या तुकड्याने जोडली की "इंजिन तपासा" हा दिवा लुकलुके. एक लुकलुक, थोडी उसंत, मग दोन लुकलुका, म्हणजे संकेतांक १२. पुस्तिकेत पाहून अर्थ लावायचा. कागदाला लावायची साधी पिन वाकवली तरी हे काम होत असे!

परंतु प्रत्येक कंपनीची भाषा निराळी होती. १९९० मध्ये अमेरिकेच्या शुद्ध हवा कायद्यात दुरुस्ती झाली. धुराशी संबंधित बिघाडाची माहिती वाहनाने स्वतः ठेवावी आणि ती दुरुस्तीचे काम करणाऱ्या कोणालाही मिळावी, असे त्यात आले. १९९६ पासून तेथील सर्व नव्या मोटारींना एकाच आकाराचे, सोळा टोकांचे सॉकेट बंधनकारक झाले. संकेतांकही समान झाले. उदाहरणार्थ "पी ०३०१" घ्या. यातला "पी" म्हणजे इंजिन आणि गिअरचा विभाग. त्यानंतरचे शून्य सांगते की हा संकेतांक सर्व कंपन्यांना समान आहे. तेथे १ असता तर तो कंपनीचा खाजगी संकेतांक ठरला असता. तीन हा आकडा ज्वलन नीट पेटत नसल्याच्या गटाचा, आणि शेवटचे ०१ म्हणजे पहिला सिलिंडर. मोठ्या ट्रकांसाठी "जे १९३९" नावाची वेगळी प्रमाणपद्धती आहे. (येथे १९३९ हे साल नव्हे, तो प्रमाणाचा क्रमांक आहे.)

आपल्याकडे भारत स्टेज ४ ही मानके १ एप्रिल २०१० रोजी प्रथम तेरा शहरांत लागू झाली. त्यांत पुणे आणि सोलापूर होते. फलटण या दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यात येते. १ एप्रिल २०१७ पासून ही मानके देशभर लागू झाली आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ आले. सुमारे ५० अश्वशक्ती आणि त्याहून मोठ्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराची अधिक कडक मानके लागली. म्हणजे मोटार, ट्रक यांच्या मागोमाग संगणक शेतातल्या यंत्रावरही येऊन बसला.

आता त्या पान्याकडे परत येऊ. जुन्या पद्धतीच्या इंजिनात नोझल साधारण दोनशे बारच्या आसपास उघडे. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्या कितीतरी वर असतो. हवेचा दाब साधारण एक बार धरला तर ही वाढ लक्षात येईल. चालू इंजिनाचा नट ढिला केला तर बाहेर पडणारी डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरू शकते. म्हणून ती जुनी रीत आता सक्त मना आहे. तोच प्रयोग आज आज्ञावली करते. ती इंजिनाच्या संगणकाला सांगते, "एक नंबरचे डिझेल क्षणभर बंद कर." मग "दोन नंबरचे बंद कर." तर्क जुनाच आहे, हात मात्र बदलला. आणि या नव्या हाताला परवाना लागतो.

परवाना आला कोठून?

१९६९ पर्यंत आयबीएमसारख्या कंपन्या संगणकाबरोबर आज्ञावली देऊनच टाकत. त्या वर्षी आयबीएमने आज्ञावलीची किंमत वेगळी लावण्याचे जाहीर केले आणि आज्ञावली हा स्वतंत्र माल झाला. पण हा माल विचित्र होता. नांगराची प्रत काढायला लोखंड लागते. आज्ञावलीची प्रत काढायला जवळजवळ काहीच लागत नाही. मग विकणाऱ्याने आपला माल राखायचा कसा? १९८० च्या सुमारास संगणकाच्या पाठीमागे खोचायची "डाँगल" नावाची वस्तू आली. ती असेल तरच आज्ञावली चाले. पुढे जाळे पसरले तशी इंटरनेटवरून मंजुरी घेण्याची पद्धत आली. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एक्सपीने ती घराघरांत पोचवली.

वाहनांच्या आज्ञावल्यांनी हे सारे मार्ग वापरले. कमिन्सच्या इंजिनांसाठी "इनसाइट" नावाची आज्ञावली आहे. तिच्याबरोबर इंजिन आणि लॅपटॉप यांना जोडणारा एक वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो आणि वापरण्यासाठी मुदतीची वर्गणी भरावी लागते. इतर कंपन्यांच्याही अशाच आज्ञावल्या आहेत. पूर्वी पाना एकदा विकत घेतला की तो मुलाच्या हाती जाई. आता पाना भाड्याने आहे.

शिक्का आणि मोर्तब

परवान्याच्या कुलपाचे तत्त्व मराठी माणसाला अनोळखी नाही. जुन्या मराठी राजपत्रांत वरच्या बाजूला शिक्का असे आणि मजकूर संपताच खाली मोर्तब. शिक्क्याने पत्र कोणाचे हे कळे. मोर्तबामुळे मजकुराखाली आणखी ओळ घुसडता येत नसे. शिक्का कोणालाही पाहून ओळखता यावा, पण उमटवता मात्र एकालाच यावा, ही त्यातली खरी युक्ती होती.

संगणकाच्या जगात हीच युक्ती गणिताने साधते. १९७७ मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी तिची एक पद्धत शोधली. तिघांच्या आद्याक्षरांवरून तिला आरएसए म्हणतात. तिचे छोटे रूप आठवी-नववीच्या मुलांनाही करून पाहता येईल.

समजा, एका लॅपटॉपचा ओळखक्रमांक ४ आहे. कंपनीजवळ ७ ही गुप्त संख्या आहे. ३ आणि ३३ या संख्या सर्वांना ठाऊक आहेत. कंपनी ४ चा सातवा घात काढते, तो येतो १६,३८४. त्याला ३३ ने भागले की बाकी उरते १६. ही १६ म्हणजे त्या लॅपटॉपची परवाना-किल्ली. आता लॅपटॉपवरची आज्ञावली उलट ताळा पाहते. १६ चा तिसरा घात ४,०९६. त्याला ३३ ने भागले की बाकी ४. ओळखक्रमांक जुळला, परवाना मंजूर!

आता लॅपटॉपची डिस्क बदलली आणि त्याचा ओळखक्रमांक ४ ऐवजी ५ झाला असे समजू. किल्ली तीच, १६. ताळ्याचे उत्तरही तेच, ४. पण यंत्र म्हणते ५. जुळत नाही. पडद्यावर चुकीचा संदेश येतो. येथे कोणी चोरी केलेली नाही, कोणतीही आज्ञावली बिघडलेली नाही. गणिताने आपले काम चोख केले आहे आणि तरीही ट्रक गॅरेजात अडकला आहे.

प्रत्यक्षात ३३ च्या जागी सहाशेहून अधिक अंकांची संख्या असते. ३३ चे अवयव ३ आणि ११ हे मुले चटकन सांगतील आणि त्यांवरून गुप्त संख्या ७ काढता येईल. सहाशे अंकी संख्येचे अवयव पाडणे मात्र आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे.

दोष शोधण्याची रीत

परवान्याची चूक दुरुस्त करताना सर्वांत मोठी घाई होते ती आज्ञावली काढून पुन्हा बसवण्याची. तसे केले की पुरावा पुसला जातो. शिवाय मंजुऱ्यांची संख्या ठरलेली असेल तर त्यांतली एक वायाही जाऊ शकते. नट ढिला करून पाहणाऱ्या मिस्त्रीची पद्धत येथेही लागू आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

प्रथम संदेश जसाच्या तसा, क्रमांकासह लिहून घ्यावा. मग तो खरोखर परवान्याचाच आहे का ते पाहावे. पुष्कळदा परवाना ठीक असतो, पण अ‍ॅडॉप्टर ओळखला जात नाही किंवा त्याची वायर सैल असते. तो दोष वेगळा.

त्यानंतर लॅपटॉपचे घड्याळ पाहावे. हे कारण ऐकायला क्षुल्लक वाटते, पण फार वेळा तेच असते. परवान्याला आणि इंटरनेटवरील प्रमाणपत्रांना "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत" अशी मुदत असते. अनेक लॅपटॉपांत घड्याळासाठी रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो. त्याचा नेहमीचा प्रकार सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा, तीन व्होल्टचा. लॅपटॉप बरेच दिवस पडून राहिला आणि हा सेल संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग आजचे प्रमाणपत्र त्या संगणकाच्या दृष्टीने अजून जन्मलेलेच नसते! तारीख आणि वेळेचा विभाग नीट केला की अडलेले काम पुढे सरकते. सेल मात्र बदलायला हवा, नाहीतर पुन्हा तेच.

तिसरी पायरी इंटरनेटची. जोडणी आहे, पण कंपनीच्या संगणकापर्यंत पोचते का? विषाणूरोधक आज्ञावली किंवा फायरवॉल मध्ये अडवत असेल. विंडोजची आवृत्ती फार जुनी असेल तर सुरक्षित संवादाची नवी पद्धत तिला येत नाही आणि दोघांचे बोलणेच जमत नाही. चौथी पायरी अधिकारांची. बऱ्याच आज्ञावल्यांचा परवाना संगणकाच्या व्यवस्थापकाच्या खात्यातूनच नोंदवता येतो. पार्श्वभूमीवर चालणारी परवान्याची सेवा बंद पडली आहे का, हेही पाहावे. काही जुन्या आज्ञावल्यांना वापरकर्त्याचे नाव देवनागरीत असले तरी फाइलीचा मार्ग सापडत नाही. अशा वेळी रोमन अक्षरांतले नवे खाते काढावे.

पाचवी पायरी ओळखक्रमांकाची. डिस्क, मदरबोर्ड किंवा नेटवर्क कार्ड बदलले आहे का? विंडोज नव्याने घातली आहे का? तसे असेल तर आपल्या चार आणि पाचाच्या गणितातली अडचण आली आहे. ती गॅरेजात सुटणार नाही. विक्रेत्याला जुना आणि नवा क्रमांक कळवून परवाना हलवून घ्यावा लागतो. म्हणूनच लॅपटॉप फॉरमॅट करण्याआधी परवाना परत करण्याची सोय असेल तर ती वापरावी आणि खरेदीची पावती, किल्ली, नोंदणीचा ईमेल हे सारे वहीत लिहून ठेवावे. या साऱ्या पायऱ्या पार करूनही चूक कायम राहिली तर सहावी शक्यता उरते. वर्गणीची मुदतच संपलेली असते. यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही, पैसे भरायचे.

अशा वेळी बाजारात मिळणाऱ्या "क्रॅक" प्रतीचा मोह होतो. लहान गॅरेजच्या मालकाला हंगामातल्या खोळंब्याची किंमत आपल्यापेक्षा चांगली कळते, म्हणून त्याला नुसता उपदेश करून भागणार नाही. कारण सांगितले पाहिजे. क्रॅक प्रतीत कोणी अनोळखी माणसाने ताळा पाहणारा भाग कापून टाकलेला असतो. त्याने आणखी काय कापले आणि काय घुसवले, हे आपल्याला कळत नाही. ही आज्ञावली नुसती वाचत नाही, इंजिनाच्या संगणकात लिहितेही. लिहिणे अर्ध्यावर थांबले तर तो संगणकच निकामी होऊ शकतो आणि त्याची किंमत वर्गणीपेक्षा जास्त पडू शकते. कायद्याचा भंग होतो तो वेगळाच.

प्रश्न हक्काचा

वर सांगितलेल्या बिघाडांचे दोन गट पडतात. घड्याळ, सेल, फायरवॉल, खाते हे खरे बिघाड आहेत. ते शोधता येतात, दुरुस्त करता येतात. पण कित्येकदा आज्ञावली गॅरेजवाल्याला विकतच मिळत नाही. ती फक्त कंपनीच्या अधिकृत दुकानासाठी असते. तेथे बिघाड नाही, नकार आहे. नकार दुरुस्त करायला पान्याचा उपयोग नसतो, त्यासाठी कायदा लागतो.

भारतात हा प्रश्न जानेवारी २०११ मध्ये स्पर्धा आयोगापुढे आला. शमशेर कटारिया यांनी काही मोटार कंपन्यांविरुद्ध तक्रार केली की सुटे भाग, तांत्रिक पुस्तिका आणि बिघाड शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळत नाहीत. चौकशी वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून द्यावीत आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी नाकारू नये, असा आदेशही दिला. कंपन्यांनी निकालाला न्यायालयांत आव्हान दिले. पण बिघाड शोधण्याचे साधन हा स्पर्धेचा आणि ग्राहकाच्या निवडीचा प्रश्न आहे, हे त्या निकालाने नोंदवले.

जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने ज्या चार क्षेत्रांपासून सुरुवात केली त्यांत शेतीची अवजारे आणि वाहने ही दोन्ही होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये मोटारदुरुस्तीच्या हक्काला मोठ्या बहुमताने कौल दिला. तेथील शेतकऱ्यांचा ट्रॅक्टर कंपन्यांशी चाललेला वादही याच कुलपाभोवती आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. आज्ञावली तयार करायला खर्च येतो. ब्रेक, धुराचे नियंत्रण आणि चोरीविरोधी कुलूप यांच्यात कोणीही फेरफार करू लागला तर धोका साऱ्यांनाच आहे. हे खरे आहे. पण बिघाड वाचणे आणि इंजिनाचा स्वभाव बदलणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरखेरीज कोणी शस्त्रक्रिया करू नये, हे सर्वांना मान्य आहे. म्हणून रुग्णाला स्वतःचा ताप मोजता येऊ नये, असे मात्र कोणी म्हणत नाही. आमच्या मते वाचण्याचा हक्क गाडीच्या मालकाला आणि त्याने निवडलेल्या मिस्त्रीला रास्त किमतीत मिळाला पाहिजे. लिहिण्याच्या अधिकाराला अटी असाव्यात, त्या प्रशिक्षणाच्या असाव्यात.

वर्गासाठी

मुलांना गावातल्या पाच यंत्रांची यादी करायला सांगा. सायकल, पिठाची गिरणी, पाण्याची मोटर, मोटारसायकल, ट्रॅक्टर. प्रत्येकासमोर तीन रकाने असू द्या. बिघाड कोण ओळखतो? कशाने ओळखतो? त्यासाठी कोणाची परवानगी लागते? गिरणीवाल्याला, फिटरला, गॅरेजच्या मिस्त्रीला भेटून मुलांनी उत्तरे आणावीत. मिस्त्रीला हेही विचारावे, की तुम्ही हे कोणाकडे शिकलात आणि तुमच्या हाताखालचा मुलगा ते कशावर शिकतो. ३ आणि ३३ चे गणित त्याच दिवशी फळ्यावर करून घ्यावे. ओळखक्रमांक ५ असलेल्या लॅपटॉपची किल्ली कोणती, ती संख्या मुलांनी स्वतः काढावी. (उत्तर १४. त्याचा ताळाही पाहून घ्यावा.)